भाजी न मावणारी गाडी

स्पोर्ट्‌स कार म्हणजे काय, याची व्याख्या आमच्या हिने कढीला फोडणी देता देता करून टाकली. "जिच्यात भाजी मावत नाही ती!"

त्यानंतर दोन महिने मी या विषयाचा कसून अभ्यास केला. तीन गाड्यांत बसलो, चौथीच्या इंजिनात डोकं घातलं, एकीच्या मागच्या सीटवर अडकून पडलो. पण या व्याख्येत मला एका अक्षराचीही भर घालता आलेली नाही.

प्रसंग 2023 च्या उन्हाळ्यातला. आम्ही उभयता कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला मुलाकडे गेलो होतो. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईबापांची कामं ठरलेली असतात. आईने पुरणपोळ्या करून फ्रीजरमध्ये रचायच्या आणि बापाने कचऱ्याचे डबे एका सकाळी रस्त्याच्या कडेला नेऊन संध्याकाळी परत आणायचे. उरलेल्या वेळात बापाने दिसेल त्या किमतीला त्र्याऐंशीने गुणायचं.

मी असाच एकदा गुणाकारात गढलेलो असताना नंदू, म्हणजे आमचे चिरंजीव, समोर येऊन बसले. वय वर्षे सेहेचाळीस. दारात दोन गाड्या. एक सात माणसांची व्हॅन आणि दुसरी विजेवर चालणारी, जिला मोबाईलसारखं रात्री चार्जिंगला लावतात.

"बाबा, एक गाडी घ्यावी म्हणतोय."

"आणखी एक?"

"स्पोर्ट्‌स कार. परवडणारी."

परवडणारी हा शब्द मी सहसा कांद्याबद्दल वापरतो. चौकशी करता समजलं, की परवडणारी म्हणजे तीस हजार डॉलरच्या आतबाहेर. गुणाकार केला. पंचवीस लाख! मी पाणी मागितलं.

सूनबाई मात्र शांत होती. ती म्हणाली, "बाबा, गाड्या बघायला तुम्ही त्याच्याबरोबर जा. तुम्ही असलात की तो भलतंसलतं काही घेणार नाही." घराण्याचा हँडब्रेक म्हणून माझी ख्याती पुण्याहून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेली पाहून मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

आता माझी पात्रता सांगायला हवी. 1981 साली मी एक सेकंडहँड फियाट घेतली आणि बावीस वर्षं चालवली. इंजिन 1089 सीसीचं, घोडे चाळीसच्या आसपास, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची सीट सलग, बाकासारखी. तिच्यात आम्ही पुण्याहून मुंबईला लग्नाला गेलो की आत आठ माणसं, वर दोन ट्रंका आणि कोणाच्या तरी मांडीवर रुखवताची परात असे. खंडाळ्याच्या घाटात त्या काळी सगळ्यांच्याच गाड्यांना घाम फुटायचा. शिंगरोबाला नाणं टाकायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन निवेपर्यंत थर्मासमधला चहा घ्यायचा आणि दरीकडे बघत आपण फार मोठ्या प्रवासाला निघालो आहोत असं समजायचं. ताशी चाळीस किलोमीटरने ते घाटाचं वळण घेताना मला वाटायचं, की मी विमान चालवतो आहे. मागे बसलेल्या माझ्या मावशीलाही तसंच वाटायचं. ती रामरक्षा म्हणायची.

शिवाय मी हिशेबी माणूस आहे. घरात दोन वाहनं होती, फियाट आणि हिची लूना. दोघींच्या पेट्रोलच्या मी स्वतंत्र वह्या ठेवत असे. फियाटची वही वाचनीय आहे. लूनाची मात्र शोकांतिका. 1995 पासून 1999 पर्यंत, नंदू तिच्यावरून इंजिनिअरिंगला जात होता ती चार वर्षं, कॉलेजचं अंतर आणि पेट्रोलचा खर्च यांचा मेळच बसत नव्हता. मी तीन मेकॅनिक बदलले. तिघांनीही सांगितलं, "काका, गाडी ठणठणीत आहे." तिघांनाही मी चोर ठरवलं. हे सगळं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

पहिली गाडी मस्टँग. ती विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने घेऊन बघावी असं ठरलं आणि हाफ मून बेला समुद्र बघायला जायचं म्हणून नंदूने उघड्या टपाची मस्टँग आणली. या मस्टँगचं अमेरिकेत फार कौतुक. फोर्ड कंपनीने ती 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पेश केली, तेव्हा तिची किंमत होती 2,368 डॉलर. नोकरीला नुकत्या लागलेल्या पोरालाही रुबाब परवडावा, ही ली आयाकोका या साहेबाची कल्पना. पहिल्या दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या खपल्या. म्हणजे रुबाबाला गिऱ्हाईक नेहमीच असतं.

आमच्या मस्टँगला चारच सिलिंडर होते, पण घोडे तीनशे दहा. पेशवाईत एवढ्या घोड्यांवर माझं 'सरदार' म्हणून नाव लागलं असतं. नंदूने पाय दाबला आणि माझं डोकं मागे आपटलं. मी "अरे!" म्हणेपर्यंत सिग्नल आला. सिग्नल सुटला, पुन्हा डोकं आपटलं, पुन्हा सिग्नल. मोठ्या रस्त्याला लागलो तर तिथे ताशी पासष्ट मैलांची मर्यादा. पासष्ट मैलांना पन्नासएक घोडे पुरतात. बाकीचे अडीचशे घोडे तबेल्यात उभे राहून आपल्या खर्चाने चंदी खातात.

ही आणि नात मागे बसल्या होत्या. उघड्या गाडीत पुढच्यांना वारा लागतो आणि मागच्यांना वादळ, हे शास्त्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. हाफ मून बेला उतरलो तेव्हा हिच्या अंबाड्याचा पत्ता नव्हता आणि नातीची टोपी बहुधा हवाईच्या वाटेला लागली होती. गाडीला मी नावं ठेवणार नाही. बसायला ऐसपैस, दिसायला देखणी, दीड टनाहून जास्त वजन असून चालीला सुरेख. पण एखाद्या बड्या असामीच्या लग्नात जेवून यावं तसं झालं. पोट भरलं, ओळख कोणाशी झाली नाही. नंदूही परतताना म्हणाला, "छान आहे. पण ती आपल्याला विचारत नाही, बाबा. आपण नसलो तरी चालेल तिला."

दुसरी टोयोटाची. जीआर शहाऐंशी. टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी घराण्यांनी मिळून हे अपत्य 2012 साली जन्माला घातलं आणि दोघांनी आपापल्या आडनावाने बाजारात आणलं. आम्ही पाहिली ती तिची दुसरी पिढी. इंजिन सुबारूचं, 2.4 लिटरचं, 228 घोड्यांचं. त्याची गंमत अशी, की त्याचे सिलिंडर उभे नसून आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. त्यामुळे गाडीचा सगळा भार जमिनीलगत राहतो. जेवणानंतर आडवं होण्याचे फायदे आम्हाला ठाऊक होतेच. जपान्यांनी ते इंजिनाला लागू केले, एवढंच.

शोरूमचा विक्रेता पुढे नंदूशेजारी बसणार होता. उरली मागची सीट. "गाडीला चार सीटा आहेत," असं तो आम्हाला म्हणाला होता. तो खोटं बोलला नाही. सीटा चारच होत्या, पायांची सोय मात्र दोनच माणसांच्या होती. मी जन्मापूर्वीचे नऊ महिने ज्या आसनात काढले असतील, त्याच आसनात पुन्हा गेलो. विक्रेता मागे वळून मोठ्या अभिमानाने म्हणाला, की ही मागची सीट आडवी केली, की तिथे शर्यतीचे चार टायर बसतात. त्या टायरांबद्दल मला त्या क्षणी जो जिव्हाळा वाटला, तो आजतागायत टिकून आहे.

तरीपण सांगतो, गाडीचं खरं चारित्र्य मागच्या सीटवरून कळतं. पुढच्याला दिवाणखाना दिसतो, मागच्याला स्वयंपाकघर. ही गाडी गणिताच्या कडक मास्तरांसारखी होती. जेवढं सांगाल तेवढंच वळणार, अर्धा अंश इकडे नाही, तिकडे नाही. रस्त्यातला प्रत्येक सांधा ती प्रामाणिकपणे माझ्या माकडहाडाला कळवत होती. आवाज मात्र मोठा रसरशीत येत होता. मी तसं म्हणालो तर विक्रेत्याने खुलासा केला, की इंजिनाचा आवाज जरा खुलवून आतल्या स्पीकरमधून ऐकवण्याची सोय आहे. म्हणजे बुवा समोर बसून गाताहेत आणि शेजारी त्यांचीच ध्वनिमुद्रिका लावलेली! हे मला पटलं नाही. नंदूला गाडी मात्र आवडली होती. आरशात त्याचं तोंड दिसत होतं. बारावीला गणितात चांगले मार्क पडले तेव्हा जसं दिसलं होतं, तसंच. आनंद होता, पण कपाळाला आठी होती.

मला बाहेर काढण्याचा कार्यक्रम सात-आठ मिनिटं चालला. विक्रेता एका हाताला, नंदू दुसऱ्या. बघायला आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली. त्यांनी ती गाडी घेतली नसावी.

मधल्या काळात शेजारच्या आजोबांना सुगावा लागला. वय ऐंशी. त्यांच्याकडे साठीच्या दशकातली एक उघडी, दोन माणसांची इंग्लिश गाडी होती. नाव सांगत नाही. तो कारखाना केव्हाच बंद झालाय आणि गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. तारांच्या चाकांची, हिरवीगार, अगदी सिनेमातल्यासारखी गाडी. तिच्याखाली कायम एक पत्र्याचा ट्रे असे. तिच्यातून तेल गळे ते त्यात साठे. आठवड्यातले सहा दिवस आजोबा गाडीच्या खाली असत आणि सातव्या दिवशी, ती सुरू झालीच, तर आत.

त्या रविवारी ती सुरू होत नव्हती. मी कचऱ्याचा डबा ढकलत होतो. आवाज ऐकला आणि थबकलो. तो आवाज मी ओळखला! इंजिन फिरतंय, पेट्रोलचा वास येतोय, पण पकडत नाही. मी डबा तिथेच सोडला, पलीकडे गेलो आणि म्हणालो, "पॉइंट?" आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत पॉइंट काळेठिक्कर. घरात जाऊन हिची नखं घासायची कानस आणली आणि दोन मिनिटांत पॉइंट घासून लख्ख केले. आजोबांनी चावी फिरवली. फट्‌ फट्‌ फुर्रर्र! अमेरिकेत आल्यापासून मला काहीतरी येतं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच सिद्ध झालं. ती कानस मी परत जागेवर ठेवली. हिला काय झालं ते सांगितलं नाही. आता छापून येईल तेव्हा कळेलच.

आजोबांनी मला शेजारी बसवून गल्लीतून एक फेरी मारली. ताशी तीस मैल, यापेक्षा जास्त नाही. पण डोक्यावर आभाळ, बुडाखाली जेमतेम वीतभर अंतरावर रस्ता, तेलाचा वास, आणि गिअर बदलला की गाडीला आधी एक हुंदका. मी नकळत शिंगरोबासाठी खिशात नाणं चाचपलं. तीस मैलांतच घाटातलं विमान पुन्हा मिळालं होतं. तीनशे दहा घोड्यांना जे जमलं नाही, ते या गळक्या म्हातारीने केलं.

म्हणून तिसरी गाडी पाहायला गेलो तेव्हा माझं मत तयार होत आलं होतं. ही माझ्दाची मियाटा, उर्फ एमएक्स-5. हिच्या जन्माची कथा मला नंदूने वाटेत सांगितली. बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकाराने केनिची यामामोतो या माझ्दाच्या बड्या साहेबांना सुचवलं, की जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी एक साधी, हलकी, उघडी गाडी काढा. इंग्लिश गाडी, पण रोज सकाळी सुरू होणारी! कल्पना एवढीच. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती आली आणि 2016 साली दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. माझ्दावाल्यांचं ब्रीद आहे, 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. घोडा एकवचनी आहे हे मला विशेष आवडलं.

शोरूममध्ये पुन्हा सीटांचा प्रश्न आला. सीटा दोन, माणसं तीन. नंदू आणि विक्रेता निघून गेले आणि मी काचेआड कागदी पेल्यातली कॉफी पीत बसलो. या गाडीचं सगळं समाजशास्त्र मला त्या वीस मिनिटांत कळलं. हिच्यात बसून जाणाऱ्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांची संख्या नेहमी जास्त असणार. मी पाहत होतो ती गाडी चार वर्षांची, लाल रंगाची होती. परत आल्यावर विक्रेत्याने माझ्या कागदी पेल्याकडे पाहिलं, त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, आणि त्याने नंदूच्या हातात चावी ठेवली. "वडिलांना घेऊन जा. सावकाश या."

बसणं सोपं आहे. आधी बूड, मग पाय, आणि मनाची तयारी. गाडीची उंची माझ्या छातीइतकीसुद्धा नाही. बसल्यावर शेजारून ट्रक गेला तर त्याच्या चाकाचे नट मोजता येतात. समोर कागदपत्रांचा कप्पा नाही. "स्टेपनी कुठेय?" मी विचारलं. "नाही," नंदू म्हणाला. "हवा भरायचं यंत्र आणि चिकट औषध देतात." स्टेपनीशिवाय आम्ही शनिवारवाड्यापलीकडे कधी गेलो नव्हतो! डिकी एकशे तीस लिटरची, म्हणजे टंचाईत गच्चीवर ठेवतात त्या पिंपाहून लहान. टप उघडायचं म्हणाल तर मध्ये एक कडी. ती सोडायची आणि अख्खं छप्पर एका हाताने मागे ढकलून द्यायचं. छत्री मिटायला मला याहून जास्त वेळ लागतो.

आम्ही वुडसाइडहून चौऱ्याऐंशी नंबरच्या रस्त्याने डोंगर चढायला लागलो. दोन्ही बाजूंना रेडवूडची झाडं. माना मोडतील इतकी उंच. रस्ता अरुंद, वळणांवर वळणं. नंदू गिअर बदलायचा तेव्हा पुडाच्या डब्याची कडी लागावी तसा एक छोटासा 'खट्ट' व्हायचा. वळणावर गाडी अंगाने जरा कलायची, एसटीसारखी. ती टोयोटा कलत नव्हती. पण या कलण्याने कळतं, की वळण किती आहे आणि आपण किती. ताशी पस्तीस मैल. नंदू एकदाही मस्टँगसारखा दणका देत नव्हता. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. त्याच्या कपाळाची आठी कुठे गेली होती कोणास ठाऊक. मला एकदम तो नऊ वर्षांचा दिसला, फियाटच्या सलग सीटवर माझ्या आणि हिच्या मध्ये बसून तोंडाने गिअरचे आवाज काढणारा.

डोंगरमाथ्यावर स्कायलाइनचा रस्ता जिथे आडवा येतो, तिथे ॲलिसेस रेस्टॉरंट नावाचं एक लाकडी हॉटेल आहे. रविवारी सकाळी तिथे मोटारसायकलींची रांग लागते. आम्ही बाकावर बसलो. नंदू त्या रांगेकडे बघत होता. बापलेकांनी एका बाकावर, एकाच दिशेला तोंड करून बसलं की काही गोष्टी बोलता येतात. समोरासमोर बसलं की फक्त प्रगतिपुस्तक निघतं.

"नंदू," मी म्हणालो, "1995 साली तू माझ्या पेपराखाली आरएक्स हंड्रेडचा कॅटलॉग ठेवला होतास."

तो दचकला. "तुम्ही पाहिला होतात?"

"पाहिला होता. पेपराची घडी घातली आणि तिथेच ठेवला."

बारावीचा निकाल लागला होता. पोराने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, तेही तोंडाने नाही. आठ दिवसांनी मी हिची लूना पुसून त्याच्या हवाली केली आणि मितव्ययावर चार शब्द बोललो. त्यानंतर त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. अमेरिकेचं तिकीटसुद्धा.

मग मी त्याला ते सांगितलं, जे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच जून महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा कात्रजच्या घाटात मोटारसायकलवरून गेला. एकोणीस वर्षांचा. मी रात्रभर हॉस्पिटलच्या बाहेर त्याच्या बापाशेजारी बसलो होतो. पहाटे घरी आलो, ऑडिटचं काम होतं म्हणून सांगितलं, अंघोळ केली आणि पेपर उचलला, तर खाली तो कॅटलॉग.

नंदू बराच वेळ काही बोलला नाही. समोर कोणीतरी मोटारसायकलला किक मारली. मग तो म्हणाला, "बाबा, रागावणार नाही ना?"

"या वयात रागावून कुठे जाऊ?"

"मी चालवत होतो. आरएक्स हंड्रेड. मित्राची होती, निम्मं पेट्रोल माझं. लूना त्याच्या घरी लावायचो आणि पुढे दोघं तिच्यावरून. चार वर्षं."

कात्रजच्या त्या घाटातली सगळी वळणं माझ्या डोळ्यांपुढून गेली. बाकाची कड मी घट्ट धरली. चार वर्षं हा पोरगा रोज संध्याकाळी धडधाकट घरी येत होता आणि मी ते गृहीत धरून पेट्रोलची वही लिहीत होतो. वही! मी सावकाश विचारलं, "निम्म्या पेट्रोलचे पैसे कोण द्यायचं?"

"आई."

"आणि आई कुठून द्यायची?"

नंदूने डोंगराकडे बघितलं. "लूनाच्या खात्यातून."

तीन मेकॅनिक माझ्या डोळ्यांसमोर रांगेने उभे राहिले. मी मनातल्या मनात तिघांची आणि लूनाची हात जोडून माफी मागितली. मग मला जे हसू आलं ते काही केल्या आवरेना. नंदूलाही. पलीकडच्या बाकावरचा दाढीवाला मोटारसायकलस्वार उगाचच आमच्याकडे बघून हसायला लागला. डोळे मी चष्मा काढून पुसले ते हसण्यामुळेच, असं मी नंदूला सांगितलं.

घरी आल्यावर हिला विचारलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पंधरा-वीस रुपयांचा हिशेब तीन तीन मेकॅनिकांकडे नेलात. एकदा माझ्याकडे आणला असतात तर सांगितलं असतं." मी कात्रजचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला. "मला का नाही बोललात?" एवढंच म्हणाली आणि जरा वेळाने आलं घालून चहा केला. चहाची वेळ नव्हती.

गाडी घेतली. सूनबाईने माझ्याकडे असं पाहिलं, की या हँडब्रेकची कंपनीत रवानगी करायला हवी. मी तिला सांगितलं, की विम्याचा हप्ता मी तपासलाय, मस्टँगपेक्षा बरा निघाला. शिवाय टोयोटा महागडं प्रीमियम पेट्रोल मागते. तिला ते पटलं नाही, पण आकडे ऐकून ती गप्प बसली. आकड्यांचा हा उपयोग मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी नंदूने मला घराजवळच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं, उतरला आणि म्हणाला, "बसा." डावीकडच्या सीटवर! गाडी चालवून मला वीस वर्षं झाली होती. क्लच दाबला, आणि डावा हात बावीस वर्षांच्या सवयीने आपणहून स्टिअरिंगच्या दांडीकडे गेला. फियाटचा पहिला गिअर टाकावा तशी दांडी मी खाली ओढली. डावीकडे वळण्याचा दिवा लुकलुकायला लागला. "बाबा, गिअर उजव्या हाताला," नंदू म्हणाला. तीन वेळा गाडी बंद पडली. चौथ्यांदा हलली. दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंधरा मैलांनी, मी त्या पार्किंगला सात प्रदक्षिणा घातल्या. नंदू शेजारी बसून तोंडाने गिअरचे आवाज काढत होता.

हिने मात्र आपली व्याख्या तपासून पाहायची ठरवली. नंदूबरोबर एल कॅमिनोवरच्या देशी दुकानात भाजीला गेली. पाऊण तासाने लाल गाडी दारात येऊन थांबली तेव्हा डिकीत तांदळाची पिशवी होती, आणि हिच्या मांडीवर दुधी, पायांत कांदे, काखेत मेथी, तोंडासमोर कोथिंबीर. "बघितलंत?" कोथिंबिरीतून आवाज आला. "नाही मावत." पण पुढच्या शनिवारी व्हॅन रिकामी उभी असताना ती पुन्हा त्याच गाडीतून गेली. डोक्याला रुमाल बांधून.

ऑक्टोबरात आम्ही परत निघालो. तेवीस तेवीस किलोंच्या चार बॅगा, आणि मियाटाच्या डिकीत त्यांतली एकसुद्धा जाईना. तेव्हा बॅगा, ही, सूनबाई आणि नात व्हॅनमध्ये आणि मी नंदूबरोबर, अशी विभागणी झाली. आम्ही दोनशे ऐंशी नंबरच्या रस्त्याने गेलो. टप उघडं होतं, थंडी होती, मी कानटोपी घातली होती. बोललो फारसं नाही. त्या वाऱ्यात ऐकू येत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर दारापाशी गाडी लावली. मागे गाड्यांची रांग, पिवळ्या कोटातला एक पोलीस "चला, चला" करतोय, आणि मी आधी एक पाय बाहेर टाकून पुढे काय करायचं ते आठवतोय. नंदू वळसा घालून आला. त्याने वाकून दोन्ही हात पुढे केले. मी ते धरले, एक, दोन, तीन म्हटलं, आणि उभा राहिलो.

तेवढ्यात व्हॅन आली. ही बॅगा मोजून उतरवून घेतल्यावर आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "अहो, उभे राहिलात ना? सोडा आता त्याचे हात. तो पोलीस बघतोय."